खाडीमागून खाडी

मुंबई ते पणजी हे अंतर कोकण किनाऱ्याने सायकलवर कापायचे म्हटले, तर साधारण सहाशे किलोमीटर पडते. वाटेतल्या देवळांकडे, किल्ल्यांकडे वळत गेले की आकडा सातशेकडे झुकतो. एकट्याने, सगळे सामान सायकलवरच लादून हा प्रवास करणारे स्वार सात ते दहा दिवस घेतात. सपाट मुलखात कसलेला माणूस एवढे अंतर चार दिवसांत उरकेल. कोकणात ते जमत नाही, आणि त्यात स्वाराच्या पायांचा दोष फारसा नाही. सह्याद्रीत उगवलेल्या नद्या इथे जेमतेम पन्नास ते शंभर किलोमीटर वाहतात आणि समुद्राला मिळताना रुंद, खोल खाडी करतात. शेवटच्या हिमयुगानंतर समुद्राची पातळी सुमारे १२० मीटरने वर आली, नद्यांच्या दऱ्यांची तोंडे बुडाली आणि किनारा असा दातेरी झाला. धरमतर, कुंडलिका, राजपुरी, सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी, वाघोटण, कर्ली, तेरेखोल ही त्यातली मोठी नावे. लहान खाड्या आणि व्हाळ मोजायला बसले तर बोटे पुरत नाहीत. म्हणून या वाटेवर अंतर किलोमीटरांत धरून चालत नाही. आज किती खाड्या ओलांडायच्या, यावर दिवस ठरतो.

समुद्रकाठचा रस्ता म्हणजे सपाट रस्ता, हा समज पहिल्या-दुसऱ्या दिवशीच फिटतो. गाव खाली पुळणीला लागून, माडापोफळींच्या आगरात असते. गावाबाहेर पडलेला रस्ता दोन-अडीच किलोमीटरांत शंभर-सव्वाशे मीटर चढून सड्यावर येतो. सडा म्हणजे माथ्यावरचे सपाट, तांबडे, उघडेबोडके पठार. रायगडात पायाखाली मुख्यतः काळा पाषाण असतो. रत्नागिरी जिल्ह्यात जांभा वाढत जातो आणि तिथले सडेही लांबरुंद होतात. सड्यावर चार-सहा किलोमीटर गेले की मिळवलेली सगळी उंची एका उतारात खर्च होते आणि पुढे पुन्हा खाडी येते. असे दिवसातून पाच-सहा वेळा घडते, आणि संध्याकाळपर्यंत चढांची बेरीज हजार मीटरांवर जाते. माणूस ६५ किलोचा, सायकल १४ किलोची आणि सामान ११ किलोचे धरले, तर हे ९० किलो हजार मीटर उचलायलाच शरीराला जवळजवळ ९०० किलोकॅलरी लागतात. आडव्या अंतराचा आणि वाऱ्याचा हिशेब त्यानंतर. दिवसाला ७० ते ८० किलोमीटरांचा बेत कागदावर मवाळ दिसतो. इथे तो पुरेसा असतो.

या अडचणीच्या मागे इतिहासही आहे. कोकणातले जुने मार्ग किनाऱ्याला समांतर नव्हतेच. चौल, दाभोळ, राजापूर, जैतापूर या बंदरांत उतरलेला माल खाडीने आत जाई आणि तिथून बैलांच्या पाठीवर घाट चढून देशावर पोहोचे. वाटा पूर्व-पश्चिम होत्या. उत्तर-दक्षिण जायचे तर समुद्र होता. आधी गलबते आणि मचवे, मग आगबोटी. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली बोट बंदरागणिक थांबे, पडावातून माणसे उतरवी आणि गोव्याकडे जाई. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली ‘रामदास’ ही बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली. त्या पाण्याने त्या काळी किती माणसांची ने-आण होत होती, याची कल्पना एवढ्यावरून यावी. पुढे बोटी बंद पडल्या, मुंबई-गोवा महामार्ग झाला. पण तोही किनाऱ्यापासून दूर, आतून. महाड, खेड, चिपळूण, संगमेश्वर, राजापूर अशा खाड्यांच्या शेंड्यांना किंवा त्याहीपलीकडे तो नद्या ओलांडतो. रेवसपासून रेडीपर्यंत किनाऱ्यालगत रस्ता असावा, ही कल्पना बॅरिस्टर अ. र. अंतुले यांनी पुढे आणली. तो सागरी महामार्ग तुकड्यातुकड्यांनी झाला आणि मोठ्या खाड्यांपाशी अजूनही तुटलेला आहे.

सायकलस्वाराला हे तिठ्यावर कळते. केळशी, आंजर्ले, वेळणेश्वर अशा गावांबाहेरच्या तिठ्यांवर पाटीवर ठळक नाव असते ते आतल्या तालुक्याचे किंवा हमरस्त्यावरच्या गावाचे. शेजारचे किनाऱ्यावरचे गाव खाली बारीक अक्षरात असते, कधी नसतेच. फोनमधला नकाशाही सवयीने स्वाराला पूर्वेकडे, महामार्गाकडे ओढतो, कारण मोटारीला तोच मार्ग लवकरचा. एस.टी.ची गाडी, शाळा, दवाखाना, कोर्ट सगळे तालुक्याला. गावांची तोंडे अजून जुन्याच दिशेला आहेत आणि हा एकटा माणूस त्यांना आडवा चालला आहे, असे काहीसे ते चित्र असते.

जाण्याची दिशा वारा ठरवतो. कोकणात रात्री जमीन लवकर निवते आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. तो मंद असतो. दहा-अकरानंतर जमीन तापली की समुद्राकडून खारा वारा सुटतो, दुपारी जोर धरतो आणि हिवाळ्यात त्याचा रोख बहुतेक वायव्येकडून असतो. दक्षिणेकडे चाललेल्या स्वाराला तो पाठीशी किंवा उजव्या खांद्यामागून मिळतो. गोव्याहून मुंबईकडे निघालेल्याला हाच वारा रोज दुपारी छातीवर घ्यावा लागतो. सामानाच्या पिशव्या दोन्ही बाजूंना शिडासारख्या फुगलेल्या असताना ही गोष्ट किरकोळ राहत नाही. मुंबई-गोवा ही दिशा बहुतेक जण घेतात, त्यामागे परंपरेपेक्षा हा वारा आहे.

हंगाम नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या अखेरपर्यंतचा. पावसाळ्यात किनाऱ्यावर अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, उतारांवर शेवाळ धरते, दरडी येतात, उधाणात फेरीबोटी थांबतात. ऑक्टोबरात पाऊस गेलेला असतो. पण ऊन आणि दमटपणा माणसाला भाजतो आणि उकडतो. डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो, सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे उजेड अकरा तासांचा, आणि त्यातले साडेअकरा ते तीन हे तास सड्यावर काढण्यासारखे नसतात. शहाणा स्वार झुंजुमुंजू होताना निघतो आणि दुपारी कुठल्या तरी देवळाच्या सभामंडपात आडवा होतो. कोकणातली देवळे या कामी उत्तम: थंडगार फरशी, जवळ विहीर आणि झोपलेल्या माणसाला कोणी हटकत नाही.

सायकल महागडी असावी लागत नाही, पण तिचे गिअर हलके असावेत. पुढची सर्वांत लहान चक्री आणि मागची सर्वांत मोठी चक्री सारख्याच दात्यांची असली, तर पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचाही एकच फेरा होतो आणि सायकल साधारण सव्वादोन मीटर सरकते. दाभोळ किंवा पूर्णगडच्या चढावर एवढेही जड पडते. पुढची चक्री मागचीपेक्षा लहान असेल तर गुडघे वाचतात. टायर ३५ ते ४० मिलिमीटर रुंदीचे बरे. किनाऱ्याचा रस्ता कुठे गुळगुळीत, कुठे खडी उखडलेला, तर चिरेखाणींच्या आसपास तांबड्या धुळीने भरलेला असतो. चिऱ्यांनी लादलेले ट्रक तिथे अरुंद रस्त्यावर समोरून येतात आणि बाजूला व्हायचे ते सायकलनेच. ट्यूबचा व्हॉल्व्ह मोटारसायकलला असतो तसा जाड घेतला तर कुठल्याही पंक्चरवाल्याकडे हवा भरता येते; शर्यतीच्या सायकलींचा बारीक व्हॉल्व्ह पाहून तो नुसता मान हलवतो. साध्या सायकलचे स्पोक, ब्रेकचे गट्टू, बॉलबेअरिंगच्या गोळ्या तालुक्याच्या गावी मिळतात. गिअरचे सुटे भाग मात्र अलिबाग सोडल्यावर रत्नागिरीपर्यंत मिळतील याची खात्री नाही. म्हणून गिअरचा हँगर, एक जादा केबल, साखळीची जोडकडी आणि चार स्पोक बरोबर असतात. हँगर हा तळहातावर मावणारा ॲल्युमिनियमचा तुकडा. सायकल होडीत चढवताना उजव्या अंगावर पडली की तोच आधी वाकतो.

खारे वारे सायकलला आणखी एका रीतीने छळतात. एक रात्र पुळणीजवळ काढली की सकाळी साखळीवर तांबूस पूड दिसते. रोज फडक्याने पुसून तेल द्यावे लागते, तेही बेताने, नाहीतर जांभ्याची धूळ त्यात बसून सहाणेसारखी घासते. ओहोटीला ओल्या, टणक वाळूवरून सायकल हाकण्याचा मोह दिवेआगर, गुहागर, कर्दे अशा लांब पुळणींवर होतोच. रस्त्यापेक्षा तिथे खरोखरच सुखाने जाता येते. त्या सुखाची किंमत त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याच्या दोन बादल्यांनी चुकती करायची असते.

प्रवासाची सुरुवात बहुधा भाऊच्या धक्क्यावरून होते. २०२० च्या मार्चमध्ये तिथून मांडव्याला मोटारी नेणारी रो-रो बोट सुरू झाली आणि पनवेल-पेणचा शंभर किलोमीटरांवरचा वळसा, त्यातली अवजड वाहने आणि धूर सगळेच टळले. तासाभरात पलीकडे. मांडवा ते अलिबाग, पुढे नागाव, रेवदंडा हा पहिला तुकडा सपाट आहे. वाड्या, गडगे, बंगले आणि शनिवार-रविवारी मुंबईच्या मोटारी. रेवदंड्यानंतर कुंडलिकेच्या खाडीवर साळावचा पूल लागतो आणि पलीकडे कोर्लई. इथल्या किल्ल्याच्या पायथ्याशी ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिसळणीतून झालेली एक बोली आजही घरात बोलली जाते. तिचे नाव ‘नो लिंग’, म्हणजे आपली भाषा. पोर्तुगीजांनी चौल सोडले १७४० मध्ये. बोली मागे राहिली. बोलणारे हजाराच्या आसपास. मोटारीतून जाणाऱ्याला कोर्लईत फक्त दीपस्तंभाची पाटी दिसते. चढावर धापा टाकत थांबलेल्याला दोन बायकांचे बोलणे ऐकू येते आणि ही मराठी नव्हे, मग काय, असा प्रश्न पडतो.

काशीद, नांदगाव, मुरुड, मग आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघी. दिवेआगर ते श्रीवर्धन हा शेखाडीवरून जाणारा रस्ता सगळ्या किनाऱ्यातला समुद्राला सर्वांत लगटून जाणारा म्हणता येईल. उजवीकडे दहा-पंधरा फुटांवर खडक आणि लाटा, डावीकडे डोंगर. नेहमीचा चढ-उताराचा खेळ इथे थोडा वेळ थांबतो. याच पट्ट्यावर ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले. श्रीवर्धनची रोठा सुपारी देणाऱ्या पोफळीच्या बागा त्यात आडव्या झाल्या. पोफळ लावल्यापासून उत्पन्नाला यायला सहा-सात वर्षे जातात. जुन्या बागेत सायकल आत घेतली की एकदम चार अंशांनी गारवा वाटे. नव्याने लावलेल्या वाडीत अजून ऊन थेट जमिनीवर पडते.

हरिहरेश्वराच्या पुढे बागमांडल्याला रस्ता संपतो. समोर सावित्री, पलीकडे वेसवी आणि बाणकोटचा किल्ला. नदीच्या अलीकडे रायगड जिल्हा, पलीकडे रत्नागिरी. पुलाचे काम सुरू होऊन अर्ध्यावर राहिले. त्याची जागा फेरीबोट भरून काढते. स्थानिक लोक तिला जंगलजेटी म्हणतात. बोट धक्क्याला लागते म्हणजे नाक थेट काँक्रीटच्या उतारावर टेकवते. साखळ्या कडकडतात, पुढची लोखंडी फळी खाली येते, आतल्या मोटारी बाहेर पडतात आणि बाहेरच्या उलट्या गिअरमध्ये आत शिरतात, म्हणजे पलीकडे सरळ उतरता येते. एक माणूस हाताच्या खुणांनी हे सगळे बोटा-दोन बोटांच्या अंतराने बसवतो. सायकल शेवटी चढते, कारण तिला उरलेली फट पुरते. तिला कठड्याला टेकवून नुसते सोडले तर इंजिन सुरू होताच ती थरथरत सरकते. यावर सायकलवाल्यांचा एक जुना उपाय आहे: फाटक्या ट्यूबची एक बोटभर पट्टी कापून ती पुढच्या ब्रेकच्या मुठीभोवती गुंडाळायची. चाक जखडून राहते. सायकललाही वेगळे तिकीट लागते. पंधरा मिनिटांत बोट पलीकडे. ओहोटी असली तर धक्क्याचा उतार ओला, शेवाळलेला आणि जास्त लांब असतो, आणि तिथे सायकल चालवत न उतरण्यात शहाणपण असते. भरती-ओहोटीचा फरक उत्तरेला मोठा: मुंबईजवळ उधाणाला पाणी चार-पाच मीटर वरखाली होते, गोव्याकडे जाता जाता तो फरक दोन मीटरांच्या आसपास उतरतो.

रत्नागिरीपर्यंत अशा बोटी पुढे आणखी दोन: वाशिष्ठीवर दाभोळ ते धोपावे आणि शास्त्रीवर तवसाळ ते जयगड. दाभोळची बोट २००३ मध्ये सुरू झाली. ती नसेल तर दाभोळहून गुहागरला जायला दापोली, खेड, चिपळूण असा शंभराहून अधिक किलोमीटरांचा फेरा घालावा लागतो. सायकलला तो दीड दिवस. पाण्यावरून ते अंतर दहा-पंधरा मिनिटांचे. तवसाळची बोट चुकली तर आत राई-भातगावचा पूल आहे, पण तिथवर पोहोचायला डोंगर चढून उतरावा लागतो. त्यामुळे दिवसाचे वेळापत्रक बोटीच्या वेळेवरून मागे मोजत आणले जाते. पूल झाले की मोटारींची सोय होईल यात शंका नाही. सायकलवाल्याला मात्र त्या बोटीत सक्तीची बसकण मिळते आणि शेजारच्या कोळणीच्या पाटीत आज काय आहे तेही कळते. ही सोय पुलावर नाही.

बाणकोट ते दाभोळ हा तुकडा सगळ्यांत जास्त खडतर आणि बहुधा सगळ्यांत जास्त देखणा. वेळास हे नाना फडणविसांचे मूळ गाव. इथल्या पुळणीवर ऑलिव्ह रिडले जातीची कासवे अंडी घालतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून इथे घरटी राखायला सुरुवात केली. पिल्ले समुद्रात जाताना पाहायची तर मुक्काम फेब्रुवारीअखेर किंवा मार्चात टाकावा लागतो, म्हणजे सायकलच्या हंगामाच्या अगदी टोकाला. पुढे केळशी, आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, हर्णै. हर्णैला दुपार कलली की सुवर्णदुर्गासमोरच्या वाळूत मासळीचा लिलाव भरतो: पापलेट, सुरमई, कोळंबी यांचे वाटे, भाव ओरडणारे आणि बर्फाच्या लाद्या. त्यानंतर दुसरे एक मुरुड, कर्दे, लाडघर, बुरोंडी, कोळथरे. नावे भराभर वाचून होतात. पायडल मारत जायला याला पूर्ण दिवस लागतो, कारण जवळजवळ प्रत्येक नावाच्या आधी उतार आहे आणि नंतर चढ.

गुहागर, पालशेत, वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ हा भाग त्यामानाने सोपा. जयगड उतरल्यावर मालगुंडला केशवसुतांचे जन्मघर आहे आणि गणपतीपुळ्यानंतर आरे-वारेचा समुद्रावरून जाणारा वळणांचा रस्ता. रत्नागिरी साधारण अर्ध्या वाटेवर येते. धुणे, सायकलची दुरुस्ती आणि एक दिवस विश्रांती यासाठी ते गाव सोयीचे.

रत्नागिरीच्या दक्षिणेला खाड्यांवर पूल आहेत: काजळीवर भाट्ये, मुचकुंदीवर पूर्णगड, पुढे जैतापूर. वाघोटण नदीसाठी बरेच आत वळावे लागते आणि तिथे सिंधुदुर्ग जिल्हा सुरू होतो. इथे बोटी नसल्या तरी चढ संपत नाहीत. उलट सडे आता मैलोगणती पसरतात. गावखडी-कशेळीच्या वरचा सडा दुपारी एक वाजता पाहण्यासारखा आहे, फक्त तिथे असू नये. जांभ्याचा काळपट-तांबडा कातळ, त्यावर वाळून पिवळे झालेले गवत, कुंपणाच्या आतली हापूसची कलमे, आणि सावली म्हणावी तर एस.टी.च्या थांब्याच्या पत्र्याची. बाटलीतले पाणी चहासारखे कोमट होते. तासाला अर्धा ते एक लिटर पाणी लागते आणि नुसते पाणी पुरत नाही. घामातून मीठ गेलेले असते. ते भरले नाही तर संध्याकाळी पोटऱ्यांत गोळे येतात. कोकणच्या खाद्यपरंपरेत यावरचे औषध तयारच आहे. मीठ घातलेले कोकम सरबत, सोलकढी, पेज. सकाळी घावणे किंवा आंबोळी आणि उसळ, दुपारी जमेल तसे, अधेमधे केळी आणि चिक्की. दुपारचे मासळीचे भरपेट जेवण ही मात्र हमखास चूक. पुढचा चढ ते वसूल करतो.

रात्रीची सोय घरगुती असते. किनाऱ्यावरच्या बहुतेक गावांत चार-दोन घरांनी निवासाच्या खोल्या काढल्या आहेत. एकट्या माणसाला खोली द्यायला काही जण कां-कूं करतात, कारण भाडे खोलीचे आणि खाणारे तोंड एकच. सायकल अंगणात उभी दिसली की बहुधा ती अढी सुटते. जेवण सकाळीच फोन करून सांगून ठेवावे लागते. मासळी आणि माणसांचा अंदाज त्यावर ठरतो. सातला पोहोचून ‘काकू, जेवायला मिळेल का?’ विचारले तर वरण-भात आणि पापड मिळतो, आणि त्या दिवसाच्या भुकेला तोही पंक्तीचा वाटतो.

एकटेपणाचा खरा अर्थ या प्रवासात शौर्याशी फारसा जुळत नाही. तो निर्णयांशी जुळतो. बोट गाठण्यासाठी रेटायचे की इथेच राहायचे, गुडघा दुखतो तो सवयीचा की धोक्याचा, अंधार पडायला पाऊण तास उरला असताना समोरचा उतार घ्यायचा का, हे सगळे एकाच डोक्यात ठरते आणि थकलेले डोके वाईट ठरवते. बहुतेक अपघात उतारावर आणि दिवसाच्या शेवटच्या तासात होतात, असे अनुभवी स्वार सांगतात. दोघे असले तर एक जण तरी थांब म्हणतो. म्हणून एकट्याने निघणारे काही नियम आधीच बांधून ठेवतात: अंधार पडल्यावर चालवायचे नाही, रोज ठरलेल्या वेळी घरी फोन करायचा, उतारावर ब्रेक आलटून-पालटून दाबायचे. खाडीच्या तळाशी फोनला रेंज नसते, सड्यावर असते. घरचा फोन त्यामुळे सड्यावरूनच होतो. एकट्या बाईने निघाल्यास मुक्काम आधी ठरवून ठेवणे आणि दिवसाचा टप्पा थोडा आखूड ठेवणे हा नेम बऱ्याच जणी पाळतात.

मुंबईला लांब पल्ल्याच्या सायकलप्रवासाची परंपरा तशी जुनी. १९२३ मध्ये मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलवरून जगप्रदक्षिणेला निघाले आणि त्यातल्या अदी हकीम, जल बापासोला आणि रुस्तम भूमगरा या तिघांनी ती १९२८ मध्ये पुरी केली. त्यांच्या पाठोपाठ १९२४ मध्ये फ्रामरोझ दावर एकटेच निघाले. पुढे युरोपात त्यांना सोबती मिळाला. अलीकडे पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी यांनी २०१८ मध्ये सुमारे २९,००० किलोमीटरांची प्रदक्षिणा १५९ दिवसांत केली. तिच्यापुढे कोकणचे सहाशे किलोमीटर म्हणजे अंगणातली फेरी. तरी चढाच्या टक्केवारीला कीर्ती कळत नाही.

लोक मात्र एकट्याशी बोलतात. दहा-वीस जणांचा, एका रंगाचे सदरे घातलेला जथा गेला तर गाव बाजूला उभे राहून पाहते. एकटा थांबला की विचारपूस सुरू होते. रत्नागिरीकडे ‘कुठून आलात? एकटेच?’, मालवणकडे ‘खंयसून इलात?’. पुढचा प्रश्न सायकलच्या किमतीचा. खरी किंमत सांगितली तर मोटारसायकल का नाही घेतली, हा तिसरा प्रश्न येतो आणि त्याला सरळ उत्तर नाही.

सिंधुदुर्गात विजयदुर्ग, देवगड, मिठमुंबरीच्या पुलावरून कुणकेश्वर, आचरा, मालवण असा रस्ता जातो. मालवणहून तारकर्ली-देवबागच्या टोकाला गेल्यास पुढे कर्लीची खाडी आडवी येते. होडीवाला तयार झाला तर सायकलसकट पलीकडे भोगव्याच्या बाजूला सोडतो. नाहीतर परत येऊन आतल्या पुलाने परुळे गाठायचे. होडीत सायकल आडवी ठेवायची तर गिअरची बाजू वर. वेंगुर्ल्याला डचांच्या वखारीचे अवशेष आहेत. शिरोड्याला मे १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला आणि याच गावच्या शाळेत वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ शिक्षक होते. मिठागरांच्या कडेने जाणारा हा रस्ता सपाट आहे, आणि आठवडाभराच्या चढ-उतारांनंतर तो संशयास्पद वाटतो. रेडीला सागरी महामार्ग संपतो. तेरेखोलचा किल्ला नदीच्या उत्तरेला, म्हणजे महाराष्ट्राच्या बाजूला असूनही गोव्याचा आहे. राज्याची हद्द त्यामुळे पाण्यात न लागता रस्त्यातच लागते. तिथून फेरीबोटीने केरी, मग हरमल, मांद्रे, मोरजी, शापोऱ्यावरचा पूल, म्हापसा आणि मांडवीच्या काठी बेती. बेती-पणजी ही शेवटची फेरीबोट.

परतीला कोकण रेल्वे आहे. २६ जानेवारी १९९८ पासून ती पूर्ण मार्गावर धावू लागली. सायकल पार्सल म्हणून ब्रेकव्हॅनमधून जाते. त्यासाठी मडगाव किंवा थिवीला गाडीच्या पुरेशी आधी हजर राहून फॉर्म भरायचा, पायडल काढून आणि हँडल वळवून बांधायचे, गिअरच्या बाजूला पुठ्ठा लावायचा आणि नाव-पत्ता दोन ठिकाणी अडकवायचा. लहान स्टेशनांवर गाडी दोन-चार मिनिटेच थांबते. ब्रेकव्हॅन फलाटाच्या कुठल्या टोकाला येते हे आधी विचारले नाही तर धावपळ होते. तेरेखोल, गड, अर्जुना, काजळी, शास्त्री, वाशिष्ठी, सावित्री या नद्या रात्रीतून उलट्या क्रमाने मागे पडतात, त्याही वरच्या अंगाला, जिथे त्या अरुंद आहेत. मधला करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरांचा.

घरी आल्यावर सायकल गोड्या पाण्याने धुऊन ठेवणे पुरत नाही. मीठ आत शिरलेले असते. पायडलच्या आसातले, चाकांतले आणि हँडलखालचे बेअरिंग उघडून, केरोसिनने धुऊन, नवे ग्रीस भरावे लागते. हे काम महिनाभर लांबवले तर गोळ्यांवर बारीक खड्डे पडतात आणि पायडल मारताना वाळू दळल्यासारखा आवाज येऊ लागतो. सीटचा दांडा आणि बाटलीच्या जाळीचे स्क्रूही सोडवून पाहावेत. ॲल्युमिनियम आणि लोखंड जिथे एकत्र येतात तिथे खारी हवा त्यांना एकमेकांत जखडून टाकते, आणि पुढच्या नोव्हेंबरात सीट इंचभर वर घ्यायची म्हटली तरी दांडा हलत नाही.